जीपचे वायरिंग, दोन पकडी आणि एक बादली

आमची एमएम ५४० जीप १९९० सालची आहे. वडिलांनी ती दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबागेच्या कामासाठी घेतली आणि तेव्हापासून तिने औषधांचे ड्रम, द्राक्षांचे क्रेट, मजूर आणि दोन वऱ्हाडेही वाहून नेली. इंजिनाची देखभाल वेळच्या वेळी होत राहिली. वायरिंगकडे मात्र काही बंद पडल्याशिवाय कोणी पाहिले नाही. गेल्या श्रावणात त्र्यंबकेश्वरहून परतताना अंजनेरी मागे पडली आणि भर पावसात दोन्ही हेडलाइट एकदम विझले. मी डॅशबोर्डखाली हात घालून तारांचा गुंता हलवला तेव्हा दिवे पुन्हा लागले, आणि मग नाशिक येईपर्यंत पत्नीने तो गुंता नेमक्या त्याच कोनात हाताने धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी डॅशबोर्ड उघडून मोजले, तर आत तेवीस सांधे निघाले. सगळे पिळून वर काळी टेप गुंडाळलेले होते, टेपचा डिंक उन्हाने पाघळून तारांवर पसरला होता आणि तीन ठिकाणी तर घरातल्या पंख्याला वापरतात तशी तार जोडलेली होती. वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या हातांनी केलेली ती दुरुस्ती होती, आणि त्यांतले दोन सांधे माझ्याच हातचे होते हे कबूल करायला हवे.

बाजारात जीपसाठी तयार वायरिंग सेट मिळतो. परंतु आमच्या गाडीत मधल्या काळात अल्टरनेटर, जादा दिवे आणि दुसरा हॉर्न अशी इतकी भर पडली होती की तयार सेटचीही कापाकापी करावीच लागली असती. म्हणून प्लायवूडच्या फळीवर खिळे ठोकून, त्यांवरून तारा ओढून, संपूर्ण वायरिंग स्वतःच बांधायचे ठरवले. काम दोन महिने चालले. त्यातला पहिला महिना तारेचे आवरण सोलायची आणि टर्मिनल (तारेच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा) पंच करायची, म्हणजे तारेवर दाबून घट्ट बसवायची, पक्कड शोधण्यात गेला. तो का गेला, ते येथे लिहितो.

सुरुवात घरातल्या हत्यारांनीच केली. इन्सुलेशन सोलायला आपल्याकडे बहुतेक जण ब्लेड, कटर किंवा सरळ दात वापरतात, आणि मीही वर्षानुवर्षे कटरनेच तारा सोलत आलो होतो. गाडीची तार जुन्या पद्धतीने धाग्यांच्या संख्येवरून आणि जाडीवरून ओळखतात, १४/०.३० म्हणजे ०.३० मिलिमीटर जाडीचे चौदा धागे, एकूण छेद सुमारे एक चौरस मिलिमीटर. या तारेचे दहा तुकडे कटरने सोलून मी भिंगाखाली धागे मोजले. द्राक्षाच्या पानांमागचे तुडतुडे आणि कोळी पाहण्यासाठी आमच्याकडे दहापट मोठे दाखवणारे भिंग असते, ते येथे कामी आले. दहापैकी सहा तुकड्यांत किमान एक धागा तुटलेला होता, दोन तुकड्यांत दोन-दोन. चौदापैकी दोन धागे गेले की तारेचा सातवा भाग गेला. आणि जे धागे तुटले नव्हते, पण ज्यांवर कटरची रेघ उमटली होती, ते इंजिनाच्या हादऱ्यांनी पुढे कधीतरी त्याच रेघेवर तुटणार. घराच्या भिंतीतील तार हलत नाही, म्हणून तिथे हे खपून जाते. डिझेल इंजिनाच्या जीपमध्ये ते खपत नाही.

दुसरी अडचण आवरणाची होती. घरगुती तारेवरचे पीव्हीसी आवरण सुमारे ०.६ ते ०.७ मिलिमीटर जाड असते, आणि साधे पीव्हीसी ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी असते. वाहनांसाठी बनवलेल्या पातळ आवरणाच्या तारेत हीच जाडी निम्म्यावर येते, आणि तरीही त्यातील चांगल्या प्रतीच्या तारा १०५ अंशांपर्यंत चालतात. आपल्याकडे मोटार वाहनांच्या केबलसाठी आयएस २४६५ हे स्वतंत्र मानक आहे, आणि बोनेटखाली हात लावून पाहिल्यावर ते स्वतंत्र का असावे हे कोणालाही कळेल. मी १, १.५ आणि २.५ चौरस मिलिमीटरच्या पातळ आवरणाच्या तारा घेतल्या. परंतु आवरण पातळ म्हणजे चुकायला जागा कमी. जाड आवरणात पात्याने थोडे खोल जावे वा थोडे वर राहावे, तरी साल निघते. पातळ आवरणात पाव मिलिमीटरची चूक थेट तांब्याला लागते.

सोलण्याची पहिली पक्कड घेतली ती साधी, स्क्रूने तोंड कमी-जास्त करता येणारी. असल्या पकडींच्या बाबतीत नाशिककराला फार शोधावे लागत नाही, कारण टापरियाचा कारखाना सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतच आहे. १९६९ साली स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने सुरू झालेल्या या उत्पादकाची हत्यारे आमच्या लहानपणापासून प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर टांगलेली दिसत आली आहेत. ही पक्कड स्वस्त आहे, टिकाऊ आहे, आणि एकाच मापाच्या शंभर तारा सोलायच्या असतील तर उत्तम आहे. स्क्रू एकदा बरोबर बसवला की धागा तुटत नाही. परंतु वायरिंगच्या फळीवर एकानंतर दुसरी तार वेगळ्या मापाची येते आणि दर वेळी स्क्रू फिरवून एक तुकडा वाया घालवून पाहावे लागते. शिवाय तिच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी व्ही-आकाराची खाच असल्याने आवरण पूर्ण गोलाकार कापले जात नाही. पक्कड थोडी फिरवून मग ओढावी लागते, नाहीतर सालीचे शेपूट तारेला लोंबत राहते.

दुसरी घेतली ती ओळीने खाचा असलेली. येथे मी फसलो, आणि ही फसगत बऱ्याच जणांची होत असावी. तिच्यावरचे आकडे अमेरिकन गेजचे होते, आणि मी मनाशी सोळा नंबर म्हणजे दीड चौरस मिलिमीटर असे समीकरण मांडले. प्रत्यक्षात १६ गेज म्हणजे १.३१ चौरस मिलिमीटर, १४ गेज म्हणजे २.०८, आणि १८ गेज म्हणजे ०.८२, आपल्या १, १.५ आणि २.५ यांपैकी एकही माप त्या ओळीत नेमके बसत नाही. त्यात भर म्हणजे माझ्या पकडीच्या खाचा एकसंध तांब्याच्या तारेसाठी होत्या. त्याच गेजची धाग्यांची तार थोडी जाड असते, कारण धाग्यांमध्ये पोकळी राहते. म्हणून अशा पकडीवर दोन्ही प्रकारचे आकडे छापलेले असतील तर धाग्यांच्या तारेची ओळ कोणती, हे दुकानातच पाहून घ्यावे. मी ते पाहिले नव्हते. ती पक्कड फेकली मात्र नाही. त्याचे कारण पुढे येईल.

तिसरी पक्कड आपोआप जुळवून घेणारी होती. तिच्या जबड्याचा एक भाग तार घट्ट धरतो, दुसऱ्या भागातले पाते आवरणात शिरते आणि मूठ दाबत नेली की दोन्ही भाग एकमेकांपासून दूर सरकून साल ओढून काढतात. किती लांबी सोलायची यासाठी सरकता अडथळा असतो, म्हणून पन्नास तारांची टोके एकसारखी निघतात, आणि पंचिंगच्या वेळी या एकसारखेपणाचे मोल कळते. क्निपेक्ससारख्या जर्मन उत्पादकाची अशी पक्कड हातात घेऊन पाहिली. तिची सफाई वेगळीच होती, पण एका जीपसाठी तेवढे पैसे घालणे मला पटले नाही. मी साडेसहाशे रुपयांची घेतली. तिच्या पात्याचा दाब ठरवायला एक लहान चक्री आहे, आणि त्या चक्रीने मला डिसेंबरात एक धडा दिला. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येत होत्या त्या आठवड्यात सकाळी आठला मी काम सुरू केले, तर आदल्या दुपारी लोण्यासारखी निघणारी साल अर्धवट फाटू लागली आणि पकडीच्या दातांतून तार निसटू लागली. पक्कड बिघडली असे वाटून मी तासभर तिचे स्क्रू उघडत बसलो. बिघडले काहीच नव्हते; थंडीने पीव्हीसी कडक झाले होते. तारांचे वेटोळे अर्धा तास उन्हात ठेवले आणि काम पूर्ववत झाले.

या पकडीचा एक दोष मात्र राहतोच: तिचे डोके रुंद आहे. फळीवर ती राजा आहे. पण जीपच्या डॅशबोर्डमागे, जिथे मोकळी तार जेमतेम तीन बोटे बाहेर येते, तिथे ती शिरत नाही. अशा ठिकाणी ती खाचांची, निमुळत्या नाकाची पक्कड वापरली. प्रत्येक तारेसाठी तुकड्यावर भिंग लावून योग्य खाच ठरवली आणि पकडीवर रंगाचे ठिपके दिले.

सोलण्याची गोष्ट येथवर सोपी होती, कारण चूक डोळ्यांना दिसत होती. पंचिंगची चूक दिसत नाही. टर्मिनल बाहेरून घट्ट बसलेले दिसते, हाताने ओढले तर निघतही नाही, आणि सहा महिन्यांनी आतून काळे पडून गरम होऊ लागते.

मी आधी बाजारात सर्वत्र मिळणारी चपटी, बहुउपयोगी पक्कड घेतली होती, जिच्यात सोलणे, तोडणे, स्क्रू कापणे आणि पंच करणे असे सर्व काही एकत्र असते. तिने लाल, निळ्या आणि पिवळ्या प्लास्टिकच्या टोप्या असलेली थिंबले, म्हणजे नळीसारखी टर्मिनले, दाबायची असतात. लाल टोपी साधारण ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेसाठी, निळी १.५ ते २.५ साठी आणि पिवळी ४ ते ६ साठी. दाब किती द्यायचा हे हाताच्या जोरावर अवलंबून राहते. सकाळी ताज्या हाताने केलेले आणि संध्याकाळी थकलेल्या हाताने केलेले थिंबल सारखे निघत नाही.

माझी घालमेल पाहून शेजारच्या काकांनी त्यांची स्वतःची रॅचेटची पक्कड आणून दिली. नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत त्यांनी आयुष्यभर इलेक्ट्रिक पॅनेलचे वायरिंग केले आहे. देताना ते म्हणाले, “घेऊन जा, पण ही तुझ्या कामाची नाही. ही फेरूल दाबायची. हिने तुझी पिन दाबशील तर चौकोनी भजी होईल.” फेरूल म्हणजे तारेच्या धाग्यांवर चढवायची लहान नळी. मी तरीही एक पिन दाबून पाहिली, आणि खरोखरच पिनेचे दोन्ही पंख तारेवर वळण्याऐवजी बाजूला चेपले गेले. काकांनी ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, “अरे, तू पकडी गोळा करत सुटला आहेस. आधी टर्मिनल कोणते वापरणार ते टेबलावर मांड. पक्कड त्यावरून ठरते, तारेवरून नाही.”

महिनाभर मी उलट्या टोकाने चाललो होतो, हे तेव्हा ध्यानात आले. टेबलावर मांडले ते असे: रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज बॉक्स आणि बहुतेक स्विचांसाठी ६.३ मिलिमीटर रुंदीच्या चपट्या पिना, काही ठिकाणी ४.८ मिलिमीटरच्या, दिव्यांसाठी बुलेट, म्हणजे गोल पिना, आणि चासीला अर्थिंग देण्यासाठी गोल डोळ्याची थिंबले. यांतील पहिल्या तिन्ही प्रकारांत मला प्लास्टिकच्या टोपीऐवजी उघड्या पंखांचीच टर्मिनले हवी होती, कारण मूळ कारखानदार वाहनात तीच वापरतात. त्यांना पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी उघड्या तांब्यावर वळते, आणि तिची टोके आत मुरडून धाग्यांच्या गठ्ठ्यात घुसतात, त्यामुळे छेद इंग्रजी बी अक्षरासारखा दिसतो. मागची जोडी आवरणाला मिठी मारते आणि हादऱ्यांचा ताण तांब्यावर येऊ देत नाही. यासाठी पकडीच्या जबड्यात एकाच घरात दोन पायऱ्या असाव्या लागतात, पुढची अरुंद आणि मागची रुंद. चपट्या बहुउपयोगी पकडीत ही रचना नसतेच.

मग जबडे बदलता येणारी रॅचेटची पक्कड घेतली. तिच्यासोबत तीन जबडे आले: उघड्या पंखांचा, रंगीत टोप्यांचा, आणि साध्या बंद नळीच्या थिंबलांचा. रॅचेटचा फायदा असा की पूर्ण दाब बसल्याशिवाय मूठ उघडतच नाही, त्यामुळे सकाळचा आणि संध्याकाळचा हात सारखा होतो. मध्येच पिन तिरकी बसली तर सुटका करून घ्यायला एक लहान खटका असतो. तो कुठे आहे हे घेतानाच पाहून ठेवावे, नाहीतर माझ्यासारखी अर्धवट दाबलेली पिन आणि न उघडणारी पक्कड घेऊन काकांचे दार वाजवावे लागते.

टर्मिनले नाशिकच्या द्वारका परिसरातून आणली. दुकानात गेलो तेव्हा खिशात एक लहान चुंबक ठेवला होता, आणि त्याचा उपयोग पहिल्याच डबीवर झाला. चमकदार मुलामा दिलेल्या त्या पिना चुंबकाला चिकटल्या. पितळ चिकटत नाही; चिकटली ती लोखंडाची, आणि पावसाळ्यात ती गंजणार. दुकानदाराने जराही न रागावता दुसरी डबी काढली आणि म्हणाले, “दादा, हे आधी सांगायचं ना. गाडी विकायची आहे की ठेवायची आहे, त्यावर माल देतो.”

नव्या पकडीने दहा पिना दाबल्या आणि त्यांची परीक्षा घेतली. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३५२ मध्ये पंच केलेल्या तारेने किती ओढ सोसावी याचे आकडे आहेत. १ चौरस मिलिमीटरसाठी १०८ न्यूटन, १.५ साठी १५० न्यूटन, २.५ साठी २३० न्यूटन. १५० न्यूटन म्हणजे साधारण पंधरा किलोचे वजन, आणि पंधरा लिटर पाण्याची बादली प्रत्येक घरात असते. पिन बाकावरच्या व्हाइसमध्ये पकडली, तारेच्या दुसऱ्या टोकाला बादली बांधली आणि हळूहळू सोडली. ही परीक्षा घेताना आवरण धरणारे मागचे पंख दाबायचे नाहीत, नाहीतर तांब्याची पकड किती आहे ते कळत नाही. हे मला पहिल्या तीन पिनांनंतर सुचले आणि त्या तिन्ही बाद धराव्या लागल्या. उरलेल्या सातांपैकी चार बादलीसकट खाली आल्या. आईने अंगण धुऊन निघाले म्हणून समाधान व्यक्त केले.

चारही अपयशांची कारणे भिंगाखाली सापडली. एकीत दोन धागे पंखाबाहेर राहिले होते. एकीत साल कमी निघाल्याने पुढच्या पंखांखाली तांब्याबरोबर आवरणही दाबले गेले होते. उरलेल्या दोन्हीत मी १.५ ची तार जबड्याच्या २.५ च्या घरात दाबली होती, कारण पकडीवरचे कोरलेले आकडे मी उलट्या बाजूने वाचत होतो. याशिवाय पिन घालताना पंखांची टोके जबड्याच्या त्या अर्ध्या भागाकडे असावी लागतात, ज्याच्या घराच्या मध्यावर उंचवटा असतो. तोच उंचवटा पंखांना आत मुरडतो. पिन उलटी घातली तर पंख नुसते चेपतात. चांगल्या पंचिंगची खूण अशी की पुढच्या पंखांच्या पुढे धाग्यांची टोके ब्रशासारखी किंचित बाहेर दिसतात, दोन जोड्यांच्या मधल्या खिडकीत अर्धे तांबे आणि अर्धे आवरण दिसते, आणि तांब्यावरच्या पंखांची मागची कड कर्ण्याच्या तोंडासारखी थोडी पसरलेली असते, म्हणजे ती धाग्यांना कापत नाही. एक पिन हॅक्सॉने मधोमध कापून पॉलिश पेपरवर घासली, तेव्हा गोल धागे एकमेकांवर चेपून मधाच्या पोळ्यासारखे दिसले. पोकळी राहिली नाही की आत हवा आणि ओल शिरत नाही. काकांना ती दाखवली, तर त्यांनी काही न बोलता खिशात घातली.

२.५ च्या तारांसाठी बादली अपुरी होती, म्हणून पंचवीस किलोची गंधकाची गोणी टांगली. तीन पिनांनी एकेक करून ती गोणी पेलल्यावर मी परीक्षा थांबवली.

पंच करून वर कथील ओतावे का, असे दोघा-तिघांनी सुचवले. मी ओतले नाही. कथील तारेत वर चढते आणि जिथे थांबते तिथे लवचीक तार एकदम ताठ होते. हादरे बसणाऱ्या गाडीत तार नेमकी त्या जागी तुटते. बॅटरीच्या जाड केबलचे लग, म्हणजे टोकाची मोठी थिंबले, मात्र हातच्या पकडीने होण्यासारखे नव्हते. ते अंबडला हायड्रॉलिक पंचावर करून आणले, दहा मिनिटांत झाले.

वायरिंग गाडीत बसले तेव्हा हेडलाइटचा प्रवाह स्विचमधून न नेता रिलेतून दिला. साठ वॅटचे दोन बल्ब म्हणजे बारा व्होल्टला दहा अँपिअर, आणि तो सगळा भार पूर्वी डॅशबोर्डमधल्या त्या पिळलेल्या सांध्यांवरून जात होता. जुन्या वायरिंगवर इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि बल्बवर ११.५ व्होल्ट मोजले होते. नव्यावर बल्बपाशी १३.३ मिळाले. रस्त्यावरचा फरक पहिल्याच रात्री दिसला. पत्नी शेजारच्या सीटवर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती.

थंड डिझेल इंजिन चालू होण्याआधी तापवणाऱ्या हीटर प्लगची तार अजून जुनीच आहे. तिला सहा चौरस मिलिमीटरची तार आणि तशीच बंद नळीची थिंबले लागतात, आणि माझ्या तिसऱ्या जबड्याचे सर्वांत मोठे घर चारापाशी संपते. त्या मापाचा जबडा मागवला आहे. तोवर सकाळी जीप चालू करताना ती तार हाताने चाचपून पाहतो.